नाशकात नवं घर, नवा शेजार: आवाजाचे नियम, घरातले उपाय आणि तक्रारीची वाट

नाशकात नव्याने राहायला आलेल्या माणसाला आवाजाचा एकच नियम पाठ असतो: रात्री दहानंतर वाजवायचं नाही. नियम खरा आहे, पण अर्धाच. म्हणून लोक धरून चालतात की दहाच्या आत काहीही चालतं. तसं नाही, दिवसालाही मर्यादा आहे. दुसरं म्हणजे शेजाऱ्याशी बिनसतं ते बहुतेक वेळा डीजेवरून नाहीच. पहाटे पाचला सुरू होणारी पाण्याची मोटर, वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्च्या आणि ऐन दुपारी लागलेलं ड्रिल यांवरून बिनसतं. तिथे कायद्याचं कलम दाखवून काही होत नाही. पाना, रबराचा तुकडा आणि आदल्या दिवशीचा एक मेसेज जास्त कामाला येतो. त्यामुळे आपल्याला होणारा त्रास कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखायचं आणि मग त्याप्रमाणे दार ठोठवायचं.

आधी आकडे

देशभर लागू असलेले ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यात दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. मर्यादा डेसिबलमध्ये अशा:

- निवासी भाग: दिवसा ५५, रात्री ४५
- व्यापारी भाग: दिवसा ६५, रात्री ५५
- औद्योगिक भाग: दिवसा ७५, रात्री ७०
- शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४०

रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला जातो. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय किंवा सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं जिल्हा न्यायालय अशा ठिकाणांच्या आसपास घर घेतलं असेल, तर तिथे ही बाब आधी विचारून ठेवा. आपली गल्ली निवासी की व्यापारी, हे शहराच्या विकास आराखड्यावर ठरतं आणि त्याची चौकशी महापालिकेच्या नगररचना विभागात करता येते. कॉलेज रोडसारख्या ठिकाणी खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं असतात. तिथे 'आम्ही राहतो म्हणजे निवासी' असं गृहीत धरून वाद घालायला गेलात तर तोंडघशी पडाल.

हे आकडे ठरावीक वेळाच्या सरासरीचे असतात. कुकरची एक शिट्टी किंवा दाराचा एक धडाका म्हणजे नियमभंग होत नाही. पण ५५ म्हणजे किती, याचीही कल्पना हवी: एका मीटरवर बसून दोन माणसं साधं बोलतात तो आवाज साधारण ६० असतो. म्हणजे निवासी भागाची दिवसाची मर्यादासुद्धा गप्पांच्या आवाजाखालीच आहे. आणि डेसिबलचं गणित रुपयांसारखं सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. 'फक्त दहानेच जास्त आहे' असं कोणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

सामान येण्याच्या दिवशी

टेम्पो दिवसाउजेडी येईल असं बघा. लिफ्टमधून सामान नेण्याची वेळ अध्यक्षांना किंवा वॉचमनला आदल्या दिवशी विचारा. खालच्या आणि शेजारच्या घरी स्वतः जाऊन नाव सांगा आणि मोबाइल नंबर द्या. 'काही आवाजाचा त्रास झाला तर बिनधास्त सांगा' हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवलं की पुढची तक्रार ग्रुपवर न जाता तुमच्याकडे येते.

घरातले आवाज: काय बिघडतं आणि कसं दुरुस्त करायचं

आवाज दोन तऱ्हेने पोचतो. टीव्ही, गाणी, भांडण हे हवेतून येतं. खिडकी लावली की ते बरंच कमी होतं. खुर्ची, मशीन, खलबत्ता यांचा आवाज काँक्रीटमधून जातो. आपल्याकडचा ५ इंची स्लॅब हवेतला आवाज बऱ्यापैकी अडवतो, पण त्यावर ठोकलेलं खालच्याला जसंच्या तसं ऐकू जातं. म्हणूनच वरच्या घरात 'आम्ही तर काहीच करत नाही' आणि खालच्या घरात 'डोक्यावर नाचतात', ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. अशा आवाजाला पडदे लावून उपयोग नाही. जिथे वस्तू जमिनीला टेकते तिथेच मऊ काहीतरी घालावं लागतं.

वॉशिंग मशीनपासून सुरुवात करा, कारण घर बदलल्यावर सगळ्यात जास्त त्रास तेच देतं. समोरून कपडे टाकायचं मशीन असेल तर वाहतुकीसाठी पाठीमागे लावलेले बोल्ट काढलेत का ते बघा. ते तसेच राहिले की ड्रम जखडतो, मशीन पिळताना थयथयाट करतं आणि खराबही होतं. मग मशीन सपाट, टणक फरशीवर ठेवा. विटांवर किंवा बाल्कनीतल्या उतारावर नको. मोबाइलमधलं लेव्हल बघण्याचं ॲप वरच्या पत्र्यावर ठेवून चारही पाय फिरवून सारखे करा. नंतर समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. मशीन जराही डुललं तर एक पाय अधांतरी आहे. सारखं झालं की पायावरची चकती पान्याने वर घट्ट करा. ही चकती बहुतेकांची सैल राहते आणि महिन्याभरात पाय परत फिरतो. त्याखाली जाड रबरी पॅड घाला. एकटी चादर किंवा एकच जाड ब्लँकेट लावू नका, वजन एका बाजूला जातं. रात्री लावणं भागच असेल तर पिळण्याचा वेग १२०० वरून ८०० वर आणा.

मिक्सरची गंमत वेगळी आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याची ग्रॅनाइटची फरशी बहुतेक ठिकाणी शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीत रोवलेली असते. त्यामुळे तुमची सकाळची चटणी पलीकडच्यांच्या उशाशी वाटली जाते. मिक्सर भिंतीपासून हातभर पुढे घ्या, खाली दोन घड्यांचा टॉवेल किंवा रबरी मॅट घाला आणि सात वाजायच्या आत शक्यतो लावू नका. डब्यासाठी लवकर लागतंच, तर वाटण रात्री नऊच्या आत करून फ्रीजमध्ये ठेवा. शेंगदाण्याचं कूट खलबत्त्यात करणाऱ्यांनी फरशीवर गोणपाटाच्या चार घड्या टाकून त्यावर खलबत्ता ठेवावा.

खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याच्या (फेल्टच्या) चिकटपट्ट्या लावा. त्या सहा-आठ महिन्यांत झिजतात आणि कडेला सरकतात, म्हणजे परत लावाव्या लागतात. लोखंडी पलंगाला रबरी टोप्या. झोपाळ्याच्या कड्यांना दर काही महिन्यांनी ग्रीस द्या. नाशकातल्या बाल्कन्यांत झोपाळा हमखास असतो आणि त्याची करकर दोन मजले वर-खाली जाते.

पाण्याची मोटर एकट्याच्या हातातली नसते, पण उपाय ठाऊक असेल तर सभेत मांडता येतो. पंप पार्किंगमध्ये, पहिल्या मजल्याच्या बेडरूमच्या बरोबर खाली, सरळ काँक्रीटवर बोल्टने आवळलेला असतो. तिथून घरघर कॉलममधून वर चढते. पंपाखाली १० ते १२ मिलिमीटरचा रबरी पॅड, पाइपला एक छोटा लवचिक जोड आणि पाइप भिंतीला धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी, एवढ्यावर फरक पडतो. मोटर बंद होताना 'धाड्' असा एक दणका येतो, त्याचं कारण वेगळं आहे. वर चढलेलं पाणी मागे फिरतं आणि एनआरव्ही (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह) उशिरा आपटून बंद होतो. साधा झडपेचा एनआरव्ही काढून स्प्रिंगचा लावला की दणका जातो. टाकी भरायची वेळ लेव्हल कंट्रोलरवर सोडली असेल तर टाकी रात्री दोनलाही भरायला लागते. टायमर लावून रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवा. टाकी रात्री नऊला भरून ठेवली की पहाटेपर्यंत पुरते. पुरत नसेल तर आधी गळती शोधा.

ड्रिल आणि फोडाफोड

निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकामाची यंत्रं वापरायला मनाईच आहे. दिवसाच्या वेळा इमारतीने ठरवायच्या असतात. तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे आधी विचारा. नाशकात बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. सोसायटी असेल तर नियम उपविधींत आणि सभेच्या ठरावांत सापडतील, अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि त्याच्या उपविधींत. नूतनीकरणाची परवानगी अध्यक्ष-सचिवांकडून लेखी घ्या. तोंडी 'करा हो' पुढच्या कमिटीला लागू होत नाही.

वेळा ठरलेल्या नसतील तर सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ हे सगळ्यांना पचतं. १ ते ४ सोडा, ती म्हाताऱ्यांची आणि तान्ह्या बाळांची झोपेची वेळ. रविवार पूर्ण सोडा. फरशा फोडणं, भिंत पाडणं, टाइल कापणं ही आवाजाची कामं सलग दोन-तीन दिवसांत उरकायला ठेकेदाराला सांगा. त्याला दोन साइट सांभाळायच्या असतात म्हणून तो रोज तासभर ठोकतो आणि इमारत महिनाभर धुमसते. कटर पार्किंगमध्ये न लावता फ्लॅटच्या आत, दारं-खिडक्या लावून चालवायला लावा. धूळही तिथेच राहते. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. जिन्यात कोणाचं मूल परीक्षेला बसलंय हे विचारूनच तारीख धरा.

ग्रुपवर टाकायचा मेसेज असा असावा:

'नमस्कार, फ्लॅट ३०२ मध्ये सोमवार ते बुधवार बाथरूमच्या फरशा काढायचं काम आहे. आवाज सकाळी १० ते १ आणि ४ ते ६ येईल. गुरुवारपासून आवाजाचं काम नाही. कोणाकडे आजारी माणूस, परीक्षा किंवा ऑनलाइन मीटिंग असेल तर वेळ सांगा, तेवढा वेळ काम थांबवू.'

यात तारीख, तास आणि शेवट आहे. 'थोडं काम चालू आहे, सहकार्य करा' या मेसेजने कोणाचं समाधान होत नाही, कारण थोडं म्हणजे किती ते त्यात नाही.

शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उठत असेल तर एक बाब माहीत असू द्या. स्लॅब भरायला घेतला की मध्येच थांबवता येत नाही. जुना आणि नवा काँक्रीट नीट जुळत नाही आणि तिथे कच्चा जोड राहतो. म्हणून काँक्रीट आणणारे ट्रान्झिट मिक्सर रात्री उशिरापर्यंत घोंगावतात. यामुळे नियमातून सूट मिळते असं नाही. पण साइटवरच्या इंजिनिअरला स्लॅबची तारीख दोन दिवस आधी सांगायला आणि सकाळी लवकर सुरुवात करायला लावणं, हे प्रत्येक वेळी पोलीस बोलावण्यापेक्षा जास्त टिकतं.

घरी कार्यक्रम असेल तर

वास्तुशांत, बारसं, पन्नाशी, हळद. घरात बसून गाणी म्हणायला कोणाची हरकत नसते. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये स्पीकर लावला की तो उघड्यावरचा ध्वनिक्षेपक झाला आणि त्याला लेखी परवानगी लागते. ती अशी काढा:

१. आपलं पोलीस ठाणं नक्की करा. नाशिक शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि पंचवटी, म्हसरूळ, आडगाव, भद्रकाली, सरकारवाडा, गंगापूर, मुंबई नाका, इंदिरानगर, अंबड, सातपूर, उपनगर, नाशिकरोड अशी ठाणी आहेत. रस्ता ओलांडला की हद्द बदलते. भाडेकरूची माहिती जिथे दिली तेच तुमचं ठाणं.

२. आठवडाभर आधी अर्ज द्या. त्यात जागा, तारीख, सुरू आणि बंद होण्याची वेळ, स्पीकरची संख्या, जबाबदार माणसाचं नाव आणि मोबाइल लिहा. सोसायटीच्या गच्चीसाठी कमिटीचं ना-हरकत पत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडा.

३. परवानगीचा कागद कार्यक्रमाच्या जागी ठेवा. पोलीस आले की ते आधी कागद मागतात.

४. खाजगी जागेतल्या स्पीकरचा आवाज तुमच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलने जास्त चालतो, त्याहून नाही. निवासी भागात दिवसा हा आकडा ६० येतो. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर मर्यादा अधिक १० किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे निवासी भागात ६५.

स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात बास फुगतो. तोंड इमारतीकडे न करता मोकळ्या बाजूला, किंचित खाली झुकवून ठेवा. एका मोठ्याऐवजी माणसांच्या जवळ दोन लहान लावले तर कमी आवाजात सगळ्यांना ऐकू जातं. डीजेवाल्याला बयाणा देतानाच 'पावणेदहाला शेवटचं गाणं' हे ठरवा, कारण दहाला बंद म्हटलं की सव्वादहा होतात. आणि दहाला बंद फक्त स्पीकर होत नाही: ढोल, ताशा, बँजो, कुठलंही वाजवायचं साधन रात्री उघड्यावर चालत नाही. 'आमच्याकडे डीजे नाही, पारंपरिक वाद्य आहे' हे उत्तर कायद्यात बसत नाही. बंद सभागृहात, आतल्या आत ऐकण्यापुरतं वाजवण्याची मुभा आहे. मांडवाला कनात लावली म्हणजे सभागृह होत नाही.

पाहुणे निघाल्यावर पार्किंगमध्ये अर्धा तास निरोप चालतो, तो कार्यक्रमापेक्षा जास्त जाचतो. निरोप वरतीच घ्या.

सणवार आणि नाशिकचं कॅलेंडर

नाशिकचा ढोल नाशिकबाहेरही याच नावाने ओळखला जातो, त्यामुळे तो इथे ऐकू येणारच. गणेशोत्सवाच्या काही आठवडे आधीपासून संध्याकाळी पथकांचे सराव सुरू होतात. सरावालाही दहाची मर्यादा आहेच. विसर्जनाची मुख्य मिरवणूक जुन्या नाशकातल्या वाकडी बारवेपासून निघते. त्या मार्गावर घर असेल तर त्या दिवशी आजारी माणसाला आधीच दुसरीकडे हलवणं बरं. नवरात्रात मुंबई नाक्याजवळ कालिका देवीची यात्रा असते. बाहेरून आलेल्यांना आणखी एक माहीत नसतं: इथे रंग खेळतात तो रंगपंचमीला, धुळवडीला नाही. जुन्या नाशकात त्या दिवशी रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात आणि गर्दीसोबत आवाजही असतो. संक्रांतीला गच्च्यांवर पतंग आणि स्पीकर दोन्ही चढतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाच्या लॉन्सचा हंगाम सुरू होतो आणि आषाढापर्यंत चालतो. लॉन्सजवळ भाड्याचं घर बघायचं तर लग्नतिथीच्या दिवशी संध्याकाळी आठला जाऊन बघा, दलाल दाखवेल त्या दुपारी नको.

राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १० ते १२ ध्वनिक्षेपकाला मुभा देता येते. कोणते दिवस ते जिल्हाधिकारी दरवर्षी जाहीर करतात आणि यादी बदलते, म्हणून गेल्या वर्षीचं कात्रण दाखवून भांडू नका. या दिवसांत वेळ वाढते, डेसिबलची मर्यादा वाढत नाही. शांतता क्षेत्राला ही सवलत नसते.

फटाक्यांचं थोडक्यात: शांतता क्षेत्रात आणि रात्री आवाजाचे फटाके बंद. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाचे फटाके विकायलाच मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली. पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर सुतळी बॉम्ब लावणाऱ्याला हे सांगून बघा. ऐकेलच असं नाही.

त्रास तुम्हाला होत असेल तर

पहिली पायरी दार ठोठावण्याची. मात्र आवाज चालू असताना, रागाच्या भरात, रात्री अकराला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा. वरच्या घरात वहिनी भेटल्या तर असं काहीतरी: 'वहिनी, मुलांच्या खेळण्याचं काही नाही, ती खेळणारच. फक्त रात्री साडेदहानंतर काहीतरी सरकवल्याचा आवाज येतो, आईंना झोप लागत नाही. एकदा खाली येऊन ऐकता का?' खाली बोलावणं हा यातला खरा उपाय आहे. वरच्यांना आपला आवाज कधी ऐकूच आलेला नसतो. पाच मिनिटं बसून ऐकलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

दोनदा सांगून झालं नाही तर तारीख-वेळेची वही ठेवा. आठ-दहा नोंदी झाल्या की कमिटीला लेखी द्या. 'नेहमी त्रास होतो' यावर कमिटी काही करू शकत नाही. '४, ७ आणि ९ तारखेला रात्री ११.१५ ते १२' यावर करू शकते.

मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप नोंदीपुरतं चांगलं. 'ए' (A) मापन आणि संथ (Slow) मोड निवडा, भिंतीपासून दूर हात लांब धरून किमान एक मिनिट मोजा आणि सरासरीचा आकडा लिहा. सर्वात मोठा आकडा लिहू नका. फोनचा माइक प्रमाणित नसतो, चार-पाच डेसिबल इकडे-तिकडे होतातच. शिवाय एक खोच आहे: 'ए' मापन बासचा आवाज कमी धरतं. डीजेने काचा थरथरतात आणि ॲप ६८ दाखवतं ते यामुळे. अशा वेळी घड्याळ आणि थरथरणारी काच एका चौकटीत घेऊन व्हिडिओ काढा.

अंतराचं गणितही उपयोगी पडतं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. लॉन्सवर स्पीकरपासून ५ मीटरवर ९५ असेल, तर १० मीटरवर ८९, २० वर ८३, ४० वर ७७, ८० वर ७१ आणि ६५ वर यायला १६० मीटर लागतात. हद्दीच्या भिंतीवर ६५ राखायचे तर आवाज मुळात कमीच ठेवावा लागेल. लॉन्सच्या मॅनेजरला हा हिशेब कागदावर दाखवला तर तो निदान ऐकून घेतो.

उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर चालू असेल तर मोजायची गरजच नाही. चालू असणं हाच भंग आहे. 'मशीन नाही, मोजणार कसं' हे कारण रात्री लागू पडत नाही. दिवसा मात्र मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते, म्हणजे निवासी भागात ६५ किंवा त्यापुढे.

११२ या आपत्कालीन नंबरला फोन करताना हे क्रमाने सांगा: भाग, गल्ली आणि जवळची खूण, कसला आवाज, किती वाजल्यापासून, आत्ता चालू आहे का, आणि 'माझं नाव तिथे सांगू नका'. मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ च्या निकालात पोलिसांना सांगितलं आहे की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी. त्या निकालात प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांसाठी पायऱ्याही दिल्या आहेत: आधी समज, मग दंड, त्यानंतर यंत्रणा जप्त आणि परवाना रद्द. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा. अर्ध्या तासात फरक नाही पडला तर पुन्हा फोन करून पहिल्या फोनची वेळ सांगा.

तोच प्रकार परत परत होत असेल तर ठाण्यात लेखी द्या, दोन प्रती नेऊन एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. मजकूर लांबवू नका:

'दि. … रोजी रात्री १०.४० पासून … चौकातील मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक सुरू होता. ११.०५ वाजता ११२ वर कळवले. आवाज ११.५० पर्यंत सुरू होता. यापूर्वी दि. … व दि. … रोजी असेच घडले. ध्वनिप्रदूषण नियम २००० मधील नियम ५ चा हा भंग आहे. कारवाई करून लेखी कळवावे, ही विनंती.'

उत्तर नाही आलं तर त्याची प्रत जोडून सहायक पोलीस आयुक्तांकडे. दिलेली परवानगी होती का, किती वाजेपर्यंतची होती, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांत मागता येतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा परवानगीच नव्हती असं निघतं आणि प्रकरण तिथेच वळतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा कंप्रेसर, प्रेस किंवा जनरेटरचा आवाज असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सातपूरच्या उद्योग भवनातलं कार्यालय गाठा. डिझेल जनरेटरला आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, तक्रारीत हा आकडा घाला.

गाड्यांचं वेगळं. फटाके फोडणारा सायलेन्सर लावलेली बुलेट ही वाहतूक पोलिसांची बाब आहे. आवाजाच्या मानकांच्या भंगाला मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स निलंबन आहे. उगाच हॉर्नला पहिल्यांदा १,०००, नंतर २,०००. गाडीचा नंबर आणि वेळ द्या, 'रोज एक बुलेट जाते' एवढ्यावर कोणी शोधायला निघत नाही.

ज्या आवाजाला तक्रार नाही

मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळच्या बाजूला नव्या इमारती मळ्यांना लागून उठल्या आहेत. द्राक्षबागेची फवारणी ऊन चढायच्या आत उरकतात, म्हणून पहाटे ट्रॅक्टर आणि ब्लोअर घरघरतो. शेतीची वीज रात्री आली तर मोटरही रात्रीच चालते. मळेवाल्यांची बाग तुमच्या इमारतीच्या आधीपासून तिथे आहे. फवारणीचे दिवस विचारून ठेवा आणि त्या सकाळी खिडक्या लावा, औषधाचा वासही येत नाही.

अधूनमधून दुरून तोफ उडाल्यासारखा दणका येतो आणि काच वाजते. ती तोफच असते. देवळालीला लष्कराचं तोफखाना स्कूल आहे आणि तिथे गोळाबाराचा सराव चालतो. ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, तिथली लढाऊ विमानं डोक्यावरून जातात. यासाठी ११२ ला फोन करू नका. काच फारच वाजत असेल तर ती चौकटीत सैल बसलेली आहे. सुताराला बोलावून कडेला रबरी पट्टी भरून घ्या.